कार्ड डबा ठरवतो

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, आणि आता तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातही, एक माल हमखास दिसतो. कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर काढून टाकलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. काळे, चपटे आणि दणकट. चार-पाच वर्षं कुठल्याशा ऑफिसात राबून झालेली ही यंत्रं झाडूनपुसून निम्म्याहून कमी किमतीत घरी येतात. निमित्त बहुतेक वेळा मुलाच्या किंवा मुलीच्या डिप्लोमाचं असतं. काही महिन्यांत ‘याला एक ग्राफिक्स कार्ड टाकूया’ असा ठराव घरात मांडला जातो.

इथून पुढे जे सल्ले मिळतात ते मोठ्या टॉवर कॅबिनेटसाठीचे असतात. चपट्या डब्याचं गणित निराळं आहे. कार्डाची उंची, जाडी, वीज आणि डेटाचा रस्ता हे चारही आकडे डब्याने आधीच ठरवून ठेवलेले असतात. त्यांच्या चाळणीतून बाजारातली बहुतेक कार्डं गळून जातात आणि मोजकीच उरतात. ‘सगळ्यात वेगवान कोणतं’ हा प्रश्न विचारायचा तो त्या उरलेल्या मूठभर कार्डांपुरता.

‘चार जीबीचं कार्ड आहे, सगळे गेम पळतील’

दुकानातलं हे सगळ्यात लाडकं वाक्य, आणि सगळ्यात जास्त पैसे याच वाक्यावर वाया जातात. कार्डावरची मेमरी किती, याच्याइतकंच ती किती वेगाने वाचता येते हे महत्त्वाचं असतं. गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी असली तरी खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर अंघोळीची बादली भरायला वेळ लागायचा तो लागतोच.

आकडेच पाहू. जीटी ७३० हे कार्ड चार जीबी डीडीआर३ मेमरीसह आजही विकलं जातं. त्याच्या ६४ बिटवाल्या प्रकारात मेमरीचा वेग सेकंदाला साधारण १४ जीबी भरतो. सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह मशीनमध्ये डीडीआर४ २४०० रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या, तर मदरबोर्डवरच्या साध्या रॅमचाच वेग सेकंदाला ३८ जीबी होतो, आणि इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. म्हणजे पैसे मोजून आणलेल्या कार्डाची मेमरी फुकटात मिळालेल्या ग्राफिक्सच्या मेमरीपेक्षा हळू! जीटी ७१० ची कथा तीच. इंटेलचं एचडी ६३० ग्राफिक्स असलेल्या मशीनमध्ये ते टाकलं तर गेमिंगमध्ये हाती फारसं काही लागत नाही. जादा मॉनिटर जोडायचा असेल, किंवा प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असून त्यात ग्राफिक्सच नसेल, तेवढ्यापुरतं ते ठीक आहे.

त्याहून फसवा प्रकार जीटी १०३० चा. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं, वेग सेकंदाला ४८ जीबी. पुढच्याच वर्षी त्याच नावाखाली डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं आणि वेग १७ च्याही खाली गेला. खोक्यावर दोन्हीकडे ‘जीटी १०३० दोन जीबी’ असंच ठळक छापलेलं. फरक कळतो तो बारीक अक्षरांतल्या मेमरीच्या प्रकारावरून. घेणार असाल तर तेवढे शब्द चष्मा लावून वाचा. तुलनेसाठी, चार जीबीचं जीटीएक्स १६५० सेकंदाला १२८ जीबी वाचतं. ‘चार जीबी’ जीटी ७३० वरही लिहिलेलं असतं आणि १६५० वरही. दोहोंच्या वेगात नऊपट अंतर आहे.

जाता जाता: तुमच्या ऑफिस-मशीनमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर कार्डाच्या आधी तशीच दुसरी पट्टी लावून पाहा. दोन पट्ट्या जोडीने चालू लागल्या की मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि अंगभूत ग्राफिक्सवर त्याचा परिणाम डोळ्यांना दिसण्याइतका होतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी अजून बसवली नसेल तर तीही कार्डाच्या आधी. टॅली, एक्सेल, ब्राउझर यांचा संथपणा कार्डाने जात नाही.

‘लो-प्रोफाइल आहे म्हणजे बसणार’

नेहमीचं कार्ड साधारण १११ मिलिमीटर उंच असतं, लो-प्रोफाइल साधारण ६९. चपट्या डब्यात दुसऱ्या प्रकाराखेरीज काही बसत नाही, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते जाडीवर. जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० सहा जीबी यांचे लो-प्रोफाइल प्रकार एमएसआय, गिगाबाइटसारख्या कंपन्या करतात, पण पंख्यासकट ते दोन स्लॉटची जागा खातात. काही एसएफएफ, म्हणजे चपट्या, डब्यांत मोठ्या स्लॉटच्या शेजारचा लहान स्लॉट मोकळा असतो, तिथे हे चालतं. काहींत मात्र मोठा स्लॉट थेट पॉवर सप्लायला खेटून असतो आणि शेजारी बोटही शिरत नाही. एकाच कंपनीच्या लागोपाठच्या मॉडेलांत ही मांडणी बदलते. म्हणून ‘मित्राच्या ऑप्टिप्लेक्समध्ये बसलं’ हा पुरावा धरू नये. झाकण उघडा, पट्टी घ्या आणि स्लॉटपासून शेजारच्या अडथळ्यापर्यंतचं अंतर मोजा. लांबीही मोजा, कारण पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो.

आणखी एक बारीक गोष्ट, पण ऐन वेळी रडवणारी. नव्या लो-प्रोफाइल कार्डाला बहुतेकदा उंच ब्रॅकेट लावलेलं असतं, बुटकं ब्रॅकेट खोक्यात सुटं येतं. वापरलेलं कार्ड घेताना ते बुटकं ब्रॅकेट हरवलेलं असतं. वेगळं मिळतं, पण त्या नेमक्या कार्डाच्या भोकांशी जुळणारं शोधावं लागतं. सौदा करतानाच मागून घ्या.

डेल ज्याला मायक्रो म्हणतं, एचपी मिनी आणि लेनोवो टायनी, त्या एका हातात मावणाऱ्या चौकोनी डब्यांत बहुतेक वेळा कार्डासाठी स्लॉटच नसतो. अपवाद लेनोवोच्या काही टायनी मॉडेलांचा. थिंकस्टेशन पी३३० टायनी क्वाड्रो पी६२० कार्डासह विकलं जायचं, आणि एम७२०क्यू, एम९२०एक्स यांत वेगळी रायझर पट्टी घालून एखादं छोटं कार्ड बसवता येतं. तो छंद असणाऱ्यांचा खेळ आहे. मुलाला गेम खेळायचे आहेत म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

‘खोक्यावर तीनशे वॅट लिहिलंय, आपला सप्लाय दोनशे चाळीसचा’

हा गैरसमज दुतोंडी आहे. काही जण त्यापायी उगाच घाबरतात आणि काही जण त्याच्या उलट टोकाला जाऊन मशीन जाळतात.

आधी घाबरणाऱ्यांचं. मदरबोर्डवरचा मोठा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो, त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टच्या तारेतून. ज्या कार्डाला वेगळी केबल जोडावी लागत नाही त्याची भूक या मर्यादेत बसवलेली असते. जीटी १०३० साधारण ३० वॅट घेतं. जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० प्रत्येकी ७५. रेडिऑन आरएक्स ६४०० हे ५३. आरटीएक्स ३०५० सहा जीबी ७०. आता गंमत पाहा: ३० वॅटच्या जीटी १०३० साठीही एनव्हिडिया तीनशे वॅटचा सप्लाय सुचवते आणि ७५ वॅटच्या १६५० साठीही तीनशेचाच. हा आकडा कार्डाची भूक सांगत नाही. समोरच्या माणसाकडे कुठला स्वस्त सप्लाय असेल आणि बाकी काय काय जोडलेलं असेल कोणास ठाऊक, म्हणून कंपनीने ठेवलेली ती मोकळीक आहे.

तुमच्या डब्याची बेरीज तुम्हीच करू शकता. ६५ वॅटचा प्रोसेसर, ७५ वॅटचं कार्ड, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी तीसेक. म्हणजे १७० च्या आसपास. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या एसएफएफ डब्यात २४० वॅटचा सप्लाय असतो, ९०२० मध्ये २५५ चा. तिथे हे आरामात बसतं. ७०५० च्या एसएफएफमध्ये मात्र सप्लाय १८० वॅटचा. तिथे १७० ची बेरीज म्हणजे अगदी काठावर, आणि मी तरी ५० वॅटच्या वर जाणार नाही. शिवाय काही ऑफिस-मशीनांच्या माहितीपुस्तिकेत स्लॉटसाठी ७५ पेक्षा कमी मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते. डब्यावरच्या सर्व्हिस टॅगने किंवा मॉडेल क्रमांकाने कंपनीच्या साइटवर ती पुस्तिका फुकट मिळते, ती न वाचता कार्ड घेणं हा जुगार.

आता दुसऱ्या टोकाचे. ‘कार्डाला सहा पिनांची केबल लागते? साटाचा कनव्हर्टर लावू.’ असं सांगणारे कारागीर सर्वत्र आहेत. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. गुणाकार करा, ५४ वॅट. सहा पिनांच्या जोडणीतून कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. न पेलणाऱ्या या प्रवाहाने तो प्लास्टिकचा छोटा कनेक्टर तापतो, आणि वितळू शकतो. या डब्यांत अशा कार्डाला जागा नाही. सप्लायच बदलू म्हणाल, तर यांतल्या बऱ्याच मॉडेलांचा सप्लाय आकाराने वेगळा आणि मदरबोर्डला जोडणारा कनेक्टरही कंपनीचा स्वतःचा. बाजारातला नेहमीचा एटीएक्स सप्लाय आत मावत नाही आणि मावला तरी जोडता येत नाही.

‘क्वाड्रो गेमिंगला चालत नाही’

माझ्या मते चपट्या डब्याच्या मालकाला हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो, कारण त्याच्या डब्याला साजेशी कार्डं नेमकी एनव्हिडियाच्या याच वर्कस्टेशन घराण्यात आहेत. एनव्हिडियाची टी४००, टी६००, टी१००० ही २०२१ मधली वर्कस्टेशन कार्डं कॅड आणि डिझाइनच्या कामासाठी विकली गेली. तिन्ही लो-प्रोफाइल, तिन्ही एकाच स्लॉटची, आणि वीज अनुक्रमे ३०, ४० आणि ५० वॅट. टी१००० मध्ये जीटीएक्स १६५० चीच चिप आणि तेवढेच ८९६ कोअर आहेत. फक्त वीज कमी मिळत असल्याने ती जरा सावकाश चालते. टी६०० मध्ये तीच चिप ६४० कोअरसह. त्याआधीच्या पिढीतल्या पी१००० मध्ये जीटीएक्स १०५० ची चिप आहे.

गेमला कार्डाच्या नावाशी देणंघेणं नसतं. ड्रायव्हर तेच मूळ, गेम तसेच चालतात. पॉवर सप्लायला खेटलेला स्लॉट आणि १८० वॅटचा सप्लाय अशी दुहेरी अडचण असेल तर वापरलेलं टी६०० किंवा टी१००० याहून सोयीचं उत्तर मला सुचत नाही. कंपन्यांची डिझाइन-मशीनं भंगारात निघतात तेव्हा ही कार्डंही त्यांच्यासोबत बाजारात येतात, आणि ‘गेमिंगचं नाही’ म्हणून गिऱ्हाईक कमी असतं. एकच लक्षात ठेवायचं: यांवर एचडीएमआय नसतं, मिनी डिस्प्लेपोर्ट असतं. कनव्हर्टर केबलचे पैसे हिशेबात धरा.

‘नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालत नाही’

चालतं. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये जुन्या वेगाने बोलतं. बहुतेक कार्डांना त्याने फारसं बिघडत नाही. पण याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका चपट्या डब्यांच्या यादीतलाच आहे.

एएमडीचं आरएक्स ६४०० हे २०२२ मधलं कार्ड कागदावर स्वप्नवत: एका स्लॉटमध्ये मावणारे लो-प्रोफाइल प्रकार, ५३ वॅट, चार जीबी जीडीडीआर६. स्लॉट सोळा लेनचा असला तरी हे कार्ड त्यातल्या चारच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्या चार लेनमधून सेकंदाला आठेक जीबी जातात. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांसोबत येणारा स्लॉट मात्र तिसऱ्या पिढीचा किंवा त्याहून जुना. तिथे रस्ता निम्मा होतो, चार जीबी. गेम कार्डाच्या चार जीबी मेमरीत मावत असेल तोवर हे खटकत नाही. मेमरी भरली की उरलेला माल मुख्य रॅममधून त्या अरुंद रस्त्याने आणावा लागतो, आणि गेम अडखळू लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनमध्ये हे कार्ड घेणार असाल तर गेमची सेटिंग्ज आटोक्यात ठेवायची तयारी हवी.

इंटेलच्या आर्क कार्डांची अट निराळी. ए३८० सारखी कार्डं रिसाइझेबल बार नावाच्या सोयीवर अवलंबून असतात, आणि इंटेल स्वतः त्यांच्यासाठी दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर सुचवते. ही सोय नसलेल्या जुन्या मशीनमध्ये गेमचा वेग बराच कोसळतो.

‘कार्ड टाकलं की एडिटिंग पळतं’

कुठलं कार्ड, यावर आहे. तयार व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना कामाला येतो तो चिपवरचा वेगळा एन्कोडर. जीटी १०३० मध्ये तो नाही. आरएक्स ६४०० मध्येही नाही. यूट्यूबसाठी व्हिडिओ करणाऱ्याने यांतलं काही घेतलं तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आधीपासून असलेली क्विक सिंक ही सोयच त्याला जास्त उपयोगी पडते. गंमत अशी की कार्ड बसवल्यावर बऱ्याच ऑफिस-मशीनांचं बायोस अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करून टाकतं आणि क्विक सिंकही त्यासोबत जातं. बायोसमध्ये एकाहून अधिक डिस्प्ले चालू ठेवण्याचा पर्याय शोधून तो सुरू करावा लागतो. जीटीएक्स १६५० आणि टी-घराण्यात एन्कोडर आहे. आर्कमध्ये तर एव्ही१ एन्कोडिंगही आहे, आणि त्या एका कामासाठी स्वस्त आर्क कार्ड चांगलं.

‘जुन्या आय-फाइव्हवर कार्ड म्हणजे पैसे पाण्यात’

अर्धसत्य. प्रत्येक फ्रेमची आखणी प्रोसेसर करतो आणि ती रंगवतो कार्ड. कोण मागे पडतो ते गेमवर ठरतं. व्हॅलोरंटसारखे गेम प्रोसेसरला जास्त राबवतात, देखण्या मोठ्या गेममध्ये भार कार्डावर पडतो. आपल्याकडे काय अडतंय ते दोन मिनिटांत कळतं. गेममधलं रिझोल्युशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर, आणि अशा वेळी नवं कार्ड आणून उपयोग नाही. चार कोअरच्या जुन्या आय-फाइव्हला १६५० किंवा टी१००० शोभतं. त्यापुढे आरटीएक्स ३०५० वर पैसे घालण्यापेक्षा आठव्या पिढीपुढचा डबा पाहावा, कारण विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं.

आरटीएक्स ३०५० चं नाव निघालंच आहे तर: सहा जीबीचं आणि आठ जीबीचं यांत फरक फक्त मेमरीचा नाही. आठ जीबीवाल्यात २५६० कोअर आहेत आणि ते १३० वॅट घेतं. सहा जीबीवाल्यात २३०४ कोअर, मेमरीचा रस्ताही अरुंद. टॉवरवाल्याने सहा जीबीचं घेऊ नये. चपट्या डब्यात मात्र तेच बसतं, आणि दोन स्लॉटची जागा व पुरेसा सप्लाय असेल तर वेगळी केबल न लागणाऱ्या गेमिंग कार्डांत ते सगळ्यात पुढे आहे.

‘ऑनलाइन १०५० टीआय निम्म्या किमतीत आहे’

असेल, पण ते १०५० टीआय नसेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या जीटीएस ४५० सारख्या चिपच्या बायोसमध्ये नाव बदलून ती नव्या कार्डाच्या नावाने विकण्याचा धंदा जुना आहे. विंडोजमध्येही तेच खोटं नाव दिसतं. जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम २०१८ पासून अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असा शिक्का दाखवतो. दुकानातच तो चालवून पाहा. त्याहून सोपी खूण मागच्या बाजूला असते: जीटीएक्स १००० मालिकेच्या चिपमध्ये अॅनालॉग आउटपुटच नाही, त्यामुळे १०५० टीआयवर निळं व्हीजीए पोर्ट दिसलं की खोकं परत करा.

खऱ्या १०५० टीआयबद्दलही एक धोका आहे. त्या पिढीसाठी एनव्हिडियाने गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतील. पी१००० त्याच पिढीचं. १६५० आणि टी-घराणं पुढच्या पिढीतलं असल्याने त्यांना अजून ड्रायव्हर मिळतात. जीटी ७१० आणि जीटी ७३० यांची पिढी तर २०२१ लाच मागे पडली. किंमत थोडी जास्त वाटली तरी हा फरक मोजण्यासारखा आहे.

व्हीजीएचा विषय आलाच आहे. घरातला जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर नव्या कार्डासोबत एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा कनव्हर्टर लागेल. डीव्हीआय-डी पोर्टला लावायचा चार पैशांचा निष्क्रिय जोड चालत नाही, कारण तिथे अॅनालॉग सिग्नलच येत नाही. कनव्हर्टर लावा, आणि केबल मदरबोर्डवरच्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टमध्ये घाला. ‘कार्ड टाकलं पण काहीच फरक नाही’ अशी तक्रार आली की तपासायची पहिली जागा तीच.